आठ की बत्तीस

४ सप्टेंबर, सोमवार

आज अय्यांनी, आमच्या मालकांनी, माझ्या टेबलावर जळका पंप आणून ठेवला. ग्रीस, गाळ, जळक्या वार्निशचा वास, सगळ्यासकट! मी फडकं शोधेपर्यंत बोलायला लागलेसुद्धा, नेहमीच्या लाडाच्या हाकेनं. "कण्णू, बोअरचं पाणी खाली गेलं आणि हा आपला कोरडाच फिरत बसला. याला वेळेवर थांबवणारी पेटी करायची आपण. आत चिप घालून."

चिप! नाचिमुत्तु अय्यांच्या कारखान्यात! चाळीस वर्षं इथे पंपाच्या स्टार्टर पेट्या होतात. रिले, कॉन्टॅक्टर, तांब्याच्या तारा, बस्स. मी इथली एकुलती एक इलेक्ट्रॉनिक्सवाली. तीन वर्षं वायरिंगचे नकाशे काढलेत, आणि ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला की चालू करून दिलाय. एवढीच माझी कर्तबगारी.

कुठली चिप ते मीच ठरवायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आयुधपूजेच्या आत नाव सांगायचं. एकदा ठरली की दहा वर्षं तीच, असं मीच त्यांना बजावलं. चिपची जात बदलायची म्हणजे बोर्ड, प्रोग्राम, हत्यारं, सवयी, सगळंच पुन्हा. ते म्हणाले, "म्हणून तर तुला सांगतोय."

बसमध्ये इतकी तंद्री लागली की माझा सिंगानल्लूरचा स्टॉप गेला. दोन स्टॉप चालत आले मागे.

५ सप्टेंबर, मंगळवार

हे इथेच लिहायला हवं. दुसरीकडे कुठे लिहिणार?

जूनमध्ये मी बंगळूरला मुलाखत देऊन आले. आईला सांगितलं, मैत्रिणीचं लग्न. अय्यांना सांगितलं, आईला बरं नाही. हेमावती मॅडम म्हणून होत्या तिथे, टेबलापलीकडे. शांत बाई. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: बत्तीस बिटची चिप घेऊन, अगदी शून्यापासून, एखादी वस्तू तुम्ही एकटीनं उभी केलीय का? मी म्हटलं, कॉलेजात आठ बिटवर केलंय. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, नोव्हेंबरात पुन्हा माणसं घेणार आहोत, तोवर काही केलंत तर या.

आणि आता अय्या म्हणतात, चिप तू ठरव.

म्हणजे बत्तीस ठरवली की बंगळूर. आठ ठरवली की इथेच, पुढची दहा वर्षं, जळक्या वार्निशच्या वासात. एवढं सरळ आहे. पण पंपाला काय हवंय हा प्रश्न वेगळा, आणि मला काय हवंय हा वेगळा. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. प्रामाणिकपणे ठरवायचं.

बघू.

८ सप्टेंबर, शुक्रवार

कागदाचे दोन भाग केले. डावीकडे आठ, उजवीकडे बत्तीस.

आठ: पाच व्होल्टवर चालते, दणकट. पाय मोठे, सॉकेटात बसते. सगळं पुस्तक तीनेकशे पानांचं. मला येते.

बत्तीस: वेग. जागा भरपूर. पुढेमागे पेटी फोनला जोडायची झाली तर तयार. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते बघता येतं. सगळं जग तिकडेच चाललंय.

आई डोकावली. हे आठ-बत्तीस काय लॉटरी आहे का, म्हणाली. मी समजावलं: आठवाली एका वेळी एक घास खाते, बत्तीसवाली चार घास एकदम. आईनं भांडी पुसता पुसता विचारलं, "आणि पंपाला भूक किती आहे?"

कटकट आहे ही बाई.

१४ सप्टेंबर, गुरुवार

दोन्हींचे नमुन्याचे बोर्ड सोमवारीच आले. आठवर वीस मिनिटांत दिवा लुकलुकवला. बत्तीसवर, तीन दिवस झाले, अंधार! पुस्तक हजाराच्या वर पानांचं, त्यात प्रत्येक कोपऱ्याला घड्याळाचा वेगळा ठोका आधी चालू करून द्यावा लागतो. दिव्याच्या कोपऱ्याला ठोका दिलाच नव्हता मी. तीन दिवस बंद दारावर धडका मारत होते!

संध्याकाळी लागला. मग मध्येच प्रोग्राम थांबवला, एकेक खण उघडून आतला आकडा पाहिला, पुन्हा सोडला. देवा! मोटार फिरत असताना आत हात घालून बघितल्यासारखं. आठमध्ये मी काय करायचे? दिवा लावायचा आणि अंदाज बांधायचा.

वेड लागलंय मला.

२० सप्टेंबर, बुधवार

आज काहीच केलं नाही. कागद फाडला, पुन्हा तोच लिहिला.

२५ सप्टेंबर, सोमवार

आरुच्चामी अण्णा आज चिपा बघायला आले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, यातली बत्तीस वर्षं याच कारखान्यात. पेट्या जोडतात, आणि बाहेर कुठे पेटी बिघडली की मोपेडला पिशवी लटकवून जातात. सगळ्यांना अहो-जाहो करतात. गेटावरच्या कुत्र्यालासुद्धा "जरा सरकता का" म्हणतात.

बत्तीसवाली चिमट्यात धरून भिंगाखाली ठेवली. बराच वेळ बघत होते. म्हणाले, हिचे पाय मोजायला देवालाच यावं लागेल. मग आठवाली हातात घेतली, अठ्ठावीस पायांची, सुरवंटासारखी. तिला सॉकेटात बसवून बघितलं, पेचकसानं उचकटून काढलं, पुन्हा बसवलं. चार वेळा. त्यांचा चेहराच खुलला.

मग मला विचारलं, "थेन्मोळी अम्मा, पोल्लाचीकडे वीज पडून ही मेली, तर मी काय काढायचं आणि काय घालायचं?"

मी सांगितलं, आठवाली असेल तर चिप बदला. बत्तीसवाली असेल तर अख्खा बोर्ड. बोर्ड शिल्लक नसेल तर इथून मागवा, दोन दिवस. त्यांनी नुसती मान डोलावली. मला उगाच राग आला. काहीतरी बोलायचं ना!

३० सप्टेंबर, शनिवार

भूक मोजली. तिन्ही फेजचा करंट सारखा मोजत राहायचा, तो खाली घसरला की पंप कोरडा पडतोय असं समजायचं आणि बंद करायचा. पाणी ओसरायला काही सेकंद तरी लागतात. आठवाली हे सगळं करून दोन तृतीयांश वेळ मोकळी बसते. बत्तीसवाली तर जवळजवळ झोपलेलीच असते.

म्हणजे आईचं उत्तर मिळालं. पंपाला भूक नाहीच फारशी.

तरी मी बत्तीसच्या रकान्यात "भविष्यात लागेल" असं लिहिलं. खाली दोनदा रेघ ओढली. भविष्य फार सोयीचं आहे, कोणी तपासायला येत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

किणत्तुक्कडवूजवळ एका नारळीच्या बागेत गेलो, अण्णा आणि मी. एकाच पेटीत दोन्ही बोर्ड बसवून नेले होते. शंभर वेळा पंप चालू-बंद करायचा, पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या झटक्यानं कोण गडबडतं ते बघायचं. बागवाल्या आजोबांनी दोघांना शहाळी दिली आणि मोजायला स्वतः बसले, बोटांच्या पेरांवर.

आठ: शंभरपैकी एकदाही नाही. बत्तीस: दोनदा दचकली. बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू झाली.

परत आल्यावर अय्यांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, दोन्ही टिकल्या.

तोंडातून गेलं ते गेलंच! अण्णा तिथेच हात धूत होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. आजोबांनी त्यांच्यासमोरच "दोन" म्हणून सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी असून कारखान्यात गेले, किल्ली मागून. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला झटका गिळणारं रेझिस्टर-कपॅसिटर लावलं, जे आधीच लावायला हवं होतं. तारा आखूड केल्या. दोनशे वेळा चालू-बंद. बत्तीस एकदाही हलली नाही. दोष चिपचा नव्हताच, माझ्या वायरिंगचा होता.

म्हणजे काल सांगितलेलं आज खरं झालं. पण काल खोटंच होतं. घरी आईनं केलेला डाळ-तांदळाचा अरिसी-परुप्पु भात तसाच टाकून उठले. ती म्हणाली, लग्नाचं काही मनात आहे का. काय सांगू हिला!

१६ ऑक्टोबर, सोमवार

हेमावती मॅडमचं पत्र आलं मेलवर. तेरा नोव्हेंबरला यायचं. सोबत केलेल्या कामाची माहिती आणा. पेटी बाजारात गेली नसली तरी चालेल. चिप ठरलेली आणि चालता नमुना हवा.

चारदा वाचलं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. 

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. बत्तीस.

आठ पानं छापून नेली होती. तक्ते, आकडे, "भविष्यात" हा शब्द अकरा वेळा. अय्यांनी एक पानही उलटलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणाले, "तू म्हणतेस ना? मग झालं." आणि केवढे खूश झाले! स्वतः उठून कॉफी सांगितली. इतकी सोपी गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं. भांडायची तयारी करून गेले होते मी, भांडायला कोणी नाहीच!

माझी पानं तशीच घेऊन परत आले. खरं तर नाचायला हवं होतं मी.

२२ ऑक्टोबर, रविवार

सगळा कारखाना धुतला. लेथ, प्रेस, वाइंडिंगची मशिनं, टेम्पो. गेटाला केळीचे खांब. मी माझं टेबल आवरलं. उद्या हत्यारांबरोबर पुस्तकं आणि वह्याही पूजेत ठेवायच्या असतात. ही वही ठेवणार नाही. देवीनं उघडून वाचली तर?

२३ ऑक्टोबर, सोमवार

आज लिहायचं नसतं. लिहिते आहे.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

काल पूजा झाली. गंध लावण्याचा मान दरवर्षी आरुच्चामी अण्णांचा. गुलाबपाण्यात कालवलेलं चंदन, वाटीभर, त्यावर कुंकू. लेथपासून कॅल्क्युलेटरपर्यंत काही म्हणून सोडत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर भस्माचे तीन पट्टे. मीटर, सोल्डरिंग गन, आणि शेवटी दोन्ही बोर्ड, शेजारी शेजारी, तांदळाच्या राशीवर. मग चुरमुरे, डाळं, हरभऱ्यांचं सुंडल, कोहळा फोडला रस्त्यात. आज सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही.

आज नवं काम सुरू करायचा दिवस. सगळे जमले. अय्यांनी कापूर लावला, म्हणाले, कण्णू, चालू कर. मी दोन्हींना वीज दिली.

आठ: हिरवा दिवा.

बत्तीस: काही नाही. थंड!

सोळा माणसं माझ्याकडे बघतायत. पुन्हा बंद-चालू. काही नाही. वाइंडिंगवाल्या बायकांत कुजबुज: देवीनं कौल दिला. दुसरी म्हणाली, उजवीकडचं फूल मघाशीच पडलं होतं. अय्यांनी हात वर केला तेव्हा गप्प झाल्या. "तिला बघू द्या," एवढंच म्हणाले. आणि त्यांच्याच कपाळाला घाम!

भिंग लावलं, तेव्हा दिसलं. अण्णांनी बोर्डावर जे सगळ्यात जास्त चमकतं त्यालाच गंध लावलं होतं. चमकतं तेच मुख्य असणार ना! आठवर ते होतं ठोका देणारं मोठं क्रिस्टल, जाड, त्याला चंदनानं काही फरक पडत नाही. बत्तीसवर होतं मनगटी घड्याळातलं बारकं क्रिस्टल, विजेचे तास लक्षात ठेवायला मी बसवलेलं. फार नाजूक ते. त्याच्या दोन पायांमध्ये ओलं चंदन आणि वर ठसठशीत कुंकू. ते बिचारं कंप पावायलाच तयार नाही.

स्पिरिटनं पुसलं. केस वाळवायच्या मशिननं वाळवलं. चालू झालं. टाळ्या! अय्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पण मला तेव्हाच कळलं होतं. ते बारकं क्रिस्टल बंद पडलं म्हणून अख्खा बोर्ड मरायचं कारणच नव्हतं. चिपला स्वतःचा वेगळा ठोका असतो. बोर्ड मेला तो माझ्या प्रोग्राममुळे. सुरुवातीलाच एक ओळ आहे: घड्याळ तयार होईपर्यंत थांब. किती वेळ थांबायचं ते लिहिलंच नाही मी. नमुन्याच्या प्रोग्राममधून उचलून जशीच्या तशी चिकटवली ती ओळ, न वाचता.

तशा अजून किती ओळी आहेत त्यात? रात्रीच्या आत मोजल्या. निम्म्याहून जास्त प्रोग्राम माझा नाहीच.

२५ ऑक्टोबर, बुधवार

अण्णा आज डबा न उघडता माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात रुमाल, त्याची घडी घालतायत, मोडतायत. मी म्हटलं बसा, तर बसेनात. मग एकदम म्हणाले, काल माझ्या हातून तुमचं काम नासलं, बत्तीस वर्षांत माझा हात असा कधी लागला नव्हता, पुढच्या वर्षीपासून गंध दुसऱ्या कोणाला लावू द्या असं अय्यांना सांगणार आहे.

शरमेनं मेले मी! त्यांना ओढून बसवलं. स्क्रीनवर ती ओळ दाखवली. म्हटलं, अण्णा, तुमचा हात नाही, ही ओळ. चूक माझी आहे. इथे चिप वाट बघत बसते.

"किती वेळ?"

"कायमची."

त्यांनी चष्मा वर करून ती ओळ बघितली, जणू वाचता येतेय. मग विचारलं, ही तुम्हाला आता सापडली, पण बागेत माझ्यासमोर अशी बसली तर मला कशी कळणार? मी म्हटलं, मला फोन करा. ते म्हणाले, "हो, तेच. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

तुम्ही आहात म्हणून.

डबा घेऊन गेले ते. मी तशीच बसले. डोळ्यांपुढे दोन महिने नाचणारी गोष्ट, ती इतकी साधी आहे आणि मी तिच्याकडे एकदाही नीट बघितलं नाही! मी जाणार. चिप इथे राहणार. मी निवडलेली, माझ्या मुलाखतीसाठी निवडलेली, मला अर्धीच कळलेली चिप या लोकांच्या गळ्यात बांधून मी बंगळूरच्या बसमध्ये बसणार. आणि पावसापाण्याचं अण्णा पिशवी घेऊन बागेत उभे राहणार, फोन कानाला लावून, आणि मी तिकडे मीटिंगमध्ये.

दोन रकान्यांचा कागद काढला. उजवीकडे जे लिहिलेलंच नव्हतं ते लिहिलं: बंगळूर. मग ते खोडलं, आणि उरलेलं वाचून बघितलं. उरलं होतं "भविष्यात".

२६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सकाळीच अय्यांच्या खोलीत गेले, बसायच्या आधी बोलून टाकलं. आठ. बत्तीस नको. चिप सॉकेटात, म्हणजे अण्णा बदलतील. प्रोग्राम माझ्या पूर्ण डोक्यात मावतो, अण्णांना एका पानावर समजावून लिहून देईन, कुठला दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे काय. पहिल्यांदाच करतोय आपण हे. जी पूर्ण कळते तीच घ्यावी. बागेत शंभरात दोनदा बत्तीस दचकली होती, मी लपवलं, तेही सांगितलं. बंगळूरचं तेवढं नाही सांगितलं. धीर नाही झाला.

वाटलं रागावतील. रागावले नाहीत. पण असा चेहरा त्यांचा मी कधी बघितला नव्हता. खिडकीकडे बघत म्हणाले, पुन्हा विचार कर. मी म्हटलं, केलाय. म्हणाले, "पंपाचं राहू दे, कण्णू. तुझ्या फायद्याचं काय आहे ते बघ."

मला चीडच आली. माझ्या फायद्याचं! इथे माझा काय फायदा! म्हटलं, माझा यात काही प्रश्नच नाही, पंपाला आठ पुरते. ऑर्डर गेली असेल तर थांबवा. ते हळूच म्हणाले, ऑर्डरचं माझ्यावर सोड.

बाहेर आले. एवढा खराखुरा निर्णय आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असेन, आणि समोरच्याला आनंदच नाही! आधी खोटं सांगितलं तर कॉफी मिळाली.

२८ ऑक्टोबर, शनिवार

बंगळूरला कळवलं. येत नाही. काम आठ बिटवर केलं आहे, असंही लिहिलं. पाठवलं आणि लगेच परत घ्यावंसं वाटलं. घेता येत नाही.

बेकरीत जाऊन दोन खोबऱ्याचे बन खाल्ले, उभ्यानंच. तिसरा घेतला तर रडूच यायला लागलं. पिशवीत टाकून घरी आणला. आई म्हणाली डोळे का लाल, म्हटलं सोल्डरचा धूर.

३० ऑक्टोबर, सोमवार

आठचा बोर्ड पक्का झाला. अण्णांचं पान लिहून झालं: मोठ्या अक्षरात, तमिळमध्ये, सात ओळी. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मोपेडच्या डिकीत ठेवलं. आज मला एकदाही तेरा नोव्हेंबर आठवला नाही. म्हणजे आत्ता लिहिताना आठवला.

हेमावती मॅडमचं उत्तर नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

सॉकेट मोजायला स्टोअरमध्ये गेले. मागच्या रॅकवर एक खोका, माझ्या नावाचा. उघडला. गुंडाळ्यांवर गुंडाळ्या. दोन हजार चिपा. बत्तीसवाल्या.

पावतीवर ऑर्डरची तारीख: एकोणीस ऑगस्ट. जळका पंप माझ्या टेबलावर यायच्या सोळा दिवस आधीची!

खोका तसाच उचलून अय्यांकडे नेला. त्यांनी बघितलं, आणि चोरी सापडलेल्या पोरासारखे हसले, मग सगळं सांगून टाकलं. बंगळूरच्या फॉर्मवर मीच त्यांचा नंबर लिहिला होता. सध्याचे मालक, म्हणून. ऑगस्टात मॅडमनी फोन केला तेव्हा अय्यांनीच विचारून घेतलं, पोरीला काय करून दाखवावं लागेल. चिप यायला दहा आठवडे लागतात म्हणून लगेच मागवली. पेटीची गोष्ट त्यानंतर काढली.

मी म्हटलं, मी तर नाही म्हणून कळवलंय.

त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. "दोन हजार आहेत, कण्णू. पुढची पेटी यांची कर. अण्णाला शिकव. मग जा."